पासांचं जाळं

केंब्रिजच्या पार्कर्स पीस मैदानावर 2018 मध्ये बसवलेलं एक दगडी शिल्प आहे. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 1848 मध्ये ठरवलेल्या फुटबॉलच्या नियमांची ती आठवण. त्या वेळचा मूळ कागद हरवला, पण 1856 ची प्रत उपलब्ध आहे. तिच्यातला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. मागून आलेला चेंडू घ्यायचा, तर आपल्यापुढे प्रतिपक्षाचे तीनहून अधिक खेळाडू हवेत. म्हणजे पुढे पास द्यायची मुभा होती! फुटबॉल असोसिएशनच्या 1863 च्या पहिल्या नियमांत ती नव्हती. आपल्या संघाच्या चेंडूपुढे असलेला खेळाडू खेळाबाहेर धरला जाई. 1866 साली ही अट सैल झाली.

याचं महत्त्व कळायला कागदावर सामना काढून पाहा. प्रत्येक खेळाडू एक बिंदू. एकाने दुसऱ्याला पास दिला की बाण. पास जास्त, तर बाण जाड. 11 जणांत असे 110 बाण शक्य आहेत. 1863 च्या नियमाने त्यातले पुढे जाणारे बाण जवळजवळ पुसूनच टाकले होते.

समजा, सगळे पास एकाच हुकमी खेळाडूकडून जातात. मग बाण उरतात फक्त 20, आणि त्याला प्रतिपक्षाने जखडलं की एकही नाही. थॉमस ग्रुंड या समाजशास्त्रज्ञाने प्रीमियर लीगमधले 2,83,259 पास तपासून 2012 मध्ये निष्कर्ष मांडला: पासांची देवाणघेवाण दाट असलेले संघ जास्त गोल करतात, एकदोघांवर विसंबणारे कमी. (आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवाची आठवण झाली ना?)

एकेका खेळाडूचं मोलही या जाळ्यातून काढता येतं. लुईस अमराल आणि सहकाऱ्यांनी युरो 2008 साठी गोलच्या दिशेने मारलेल्या फटक्यापर्यंत पोचणारे पासांचे मार्ग घेतले आणि त्यांतले किती कोणामधून जातात ते मोजलं. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एकमेव गोल टोरेसचा, पण पास झावीचा. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही झावीच ठरला होता.

तरी या चित्राला मर्यादा आहेत. बचावफळीत इकडून तिकडे टोलवलेला निरुपद्रवी चेंडूही बाणच काढतो. आणि चेंडूशिवाय धावत जाऊन दोन बचावपटूंना आपल्यामागे ओढणारा, जागा मोकळी करून देणारा खेळाडू? त्याच्या धावेचा बाण कुठेच उमटत नाही.