फोनला विचारा, तुझा पत्ता काय?

उमरोळी हे पश्चिम रेल्वेवरचं एक छोटं स्टेशन. पालघर सोडलं की उमरोळी आणि त्यापुढे बोईसर. समजा, या उमरोळीची रेवती पुण्याच्या आपल्या मावसभावाला, निखिलला, घरच्या वायफायवरून व्हिडिओ कॉल लावते आहे. पलीकडे घंटी वाजते, निखिलचा चेहरा दिसतो, गप्पा सुरू! पण त्याआधी पापणी लवण्याच्या आत रेवतीच्या फोनला एक गमतीदार प्रश्न पडलेला असतो : "माझा पत्ता काय?"

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! स्वतःचा पत्ता कोणाला ठाऊक नसतो? दोस्तांनो, फोनला खरंच ठाऊक नसतो. का ते पाहू या.

पत्ते पुरेनात!

इंटरनेटवरच्या यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. त्याला म्हणतात आयपी अ‍ॅड्रेस. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीत या पत्त्यात चार आकडे असतात आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ पर्यंतचा. म्हणजे एकूण पत्ते किती? २५६ ला २५६ ने तीनदा गुणा. उत्तर येईल ४,२९,४९,६७,२९६. सुमारे ४२९ कोटी! तेव्हा वाटलं, हे तर भरपूर झाले. पण आज जगात ८०० कोटींहून जास्त माणसं आहेत आणि एकेका घरात चार-चार फोन. पत्त्यांच्या जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले.

ही टंचाई येणार हे जाणकारांनी आधीच ओळखलं होतं. १९९४ साली त्यावर एक युक्ती मांडली गेली. तिचं नाव 'नॅट'.

फाटकावरचा वॉचमन

बोईसरमधली एखादी मोठी सोसायटी डोळ्यांसमोर आणा. आत शंभर खोल्या, पण बाहेरच्या जगासाठी पत्ता एकच, फाटकाचा. तुमच्या घरातला वायफायचा राउटर म्हणजे या फाटकावरचा वॉचमन. आतल्या फोनला तो घरगुती पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. असे पत्ते खास घरगुती वापरासाठी राखून ठेवले गेले. त्यामुळे उमरोळीत, पुण्यात आणि थेट लंडनमध्येही हाच पत्ता असलेले फोन सापडतील!

फोनने बाहेर पत्र पाठवलं, की वॉचमन पाकिटावरचा खोली क्रमांक खोडतो, फाटकाचा पत्ता आणि एक खिडकी क्रमांक लिहितो आणि वहीत नोंद करतो : 'खिडकी क्रमांक अमुक, खोली पाच.' उत्तर त्या खिडकीवर आलं, की वही पाहून ते खोली पाचला पोचवतो. या खिडकीला संगणकाच्या भाषेत 'पोर्ट' म्हणतात. वहीत नोंदच नसेल, तर आलेलं पत्र सरळ टाकून दिलं जातं.

आता अडचण लक्षात आली का? रेवतीच्या फोनला फक्त १९२.१६८.१.५ माहीत आहे. तोच पत्ता त्याने निखिलला दिला, तर निखिलचा फोन आपल्याच घरात शोधाशोध करील! कदाचित तिथे त्यांचा टीव्ही त्याच पत्त्यावर बसलेला असेल. कधीकधी घंटी वाजते, कॉल उचलला जातो, पण आवाज मात्र येत नाही. घंटीचा निरोप कॉलिंग कंपनीच्या संगणकामार्फत पोचतो, पण आवाजाला थेट वाटच सापडलेली नसते. गावाकडे आजी वाट पाहत असेल, तर केवढी चिडचिड होते!

बाहेरचा आरसा

आपलाच चेहरा आपल्याला दिसत नाही, त्यासाठी आरसा लागतो. फोनसाठी असा आरसा मार्च २००३ मध्ये ठरवला गेला. त्याचं नाव 'स्टन'. फाटकाबाहेर, इंटरनेटवर एक संगणक बसलेला असतो. फोन त्याला विचारतो, "माझं पत्र तुला मिळालं ना? पाकिटावर कोणता पत्ता दिसतो?" तो वाचून कळवतो, "फाटक अमुक, खिडकी तमुक." बस्स! स्टनचं मुख्य काम एवढंच.

रेवतीचा फोन हा पत्ता कंपनीच्या संगणकामार्फत निखिलला कळवतो. निखिलचा फोनही आपला पत्ता कळवतो. मग दोघे एकाच वेळी एकमेकांना पत्रं धाडतात. त्यामुळे दोन्हीकडच्या वह्यांत नोंदी होतात आणि वाट मोकळी होते. नोंद खोडली जाऊ नये, म्हणून फोन मधूनमधून एखादं छोटं पत्र पाठवत राहतो.

अतिशहाण्यांवर उपाय

काही वॉचमन फार अतिशहाणे निघाले. ते पाकीट उघडून आत पत्ता दिसला की तोही 'दुरुस्त' करत! आरशातलं उत्तरच बिघडू लागलं. म्हणून २००८ साली सुधारलेल्या नियमांत पत्ता सांकेतिक रूपात पाठवायचं ठरलं. त्यासाठी चार ठरलेले आकडे आहेत : ३३, १८, १६४, ६६. पत्ता आणि हे आकडे शून्य-एकच्या भाषेत एकाखाली एक लिहायचे. जिथे दोन्ही सारखे तिथे ०, वेगळे तिथे १. असं केलं की २०३.०.११३.२५ चं होतं २३४.१८.२१३.९१. वॉचमनला ओळखू येत नाही! फोनने पुन्हा हीच कृती केली, की मूळ पत्ता हजर. ताडून पाहा.

तरीही आरसा कधीकधी फसतो. काही वॉचमन प्रत्येक नव्या माणसासाठी नवी खिडकी उघडतात. आरशाला दिसलेली खिडकी मग निखिलच्या कामाची नसते. शिवाय मोबाइल कंपन्याही हजारो ग्राहकांना एकाच फाटकामागे बसवतात, म्हणजे फाटकाबाहेर आणखी एक फाटक! वॉचमन कोणत्या स्वभावाचा आहे, हे ओळखायची रीतही २००३ च्या नियमांत होती. ती भरवशाची नाही असं अनुभवाने कळलं आणि २००८ मध्ये ती काढून टाकली. थेट वाट मिळालीच नाही, तर 'टर्न' नावाचा मधला संगणक दोघांची पत्रं इकडून तिकडे पोचवतो. वळसा पडतो, पण बोलणं थांबत नाही.

आता ३४ वर ३७ शून्यं इतके पत्ते देणारी नवी पद्धतही वापरात आहे. पण सुरक्षेसाठी फाटकं तिथेही असतात.

एक सावधगिरी

थेट कॉलमध्ये आपला बाहेरचा पत्ता समोरच्याला कळू शकतो. त्यावरून घर सापडत नाही, पण शहराचा किंवा कंपनीचा अंदाज येतो. व्हॉट्सअ‍ॅपने २०२३ साली कॉलमध्ये हा पत्ता लपवण्याची सोय दिली. ती चालू केली की आवाज थोडा कमी स्पष्ट येऊ शकतो, कारण मग कॉल मधल्या संगणकामार्फत जातो. तेव्हा अनोळखी माणसाचा कॉल उचलण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा.

करून पाहा

१) फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये आयपी अ‍ॅड्रेस शोधा आणि वहीत लिहा.
२) मोठ्यांच्या मदतीने, 'माझा आयपी अ‍ॅड्रेस' दाखवणाऱ्या संकेतस्थळावर जाऊन तिथला पत्ता शेजारी लिहा.
३) घरातल्या दुसऱ्या फोनवरही हेच करा.

दोन्ही फोनचा आतला पत्ता वेगळा, पण बाहेरचा एकच आला का? मग तुमच्या घरचा वॉचमन तुम्ही पकडलात!