जोर घशाचा नव्हे, श्वासाचा

रॉक, मेटल गाणाऱ्या मुलांचा घसा बसला की घरचे गाणेच बंद करतात. दोष गाण्याचा नसतो. ‘ब्लॅक सॅबथ’चे एके काळचे गायक, अमेरिकेचे रॉनी जेम्स डिओ (१९४२-२०१०) गाणे रीतसर शिकले नव्हते, लहानपणी ट्रम्पेट वाजवीत. त्या फुंकीनेच श्वासावर ताबा आला, असे ते सांगत.

श्वास घेताना खांदे उचलू नयेत, बरगड्या बाजूला फुगाव्यात. मग ‘स्स’ करीत तो सावकाश सोडावा. घसा आवळून ओरडल्यास स्वरतंतू एकमेकांवर आपटून सुजतात, पुढे गाठी येतात. आवाज मोठा करायला माईक आहेच की! तीन आठवड्यांत घसा सुटला नाही, तर खडीसाखर चघळत बसू नये. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.