आधी कंडेन्सर, मग व्हॉल्व्ह

निफाड तालुक्यातल्या विंचूरचं नाव निघालं की कांदा आठवतो. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार इथे आहे. शेजारी वाइन पार्क आहे. इतिहास वाचणाऱ्याला पानिपतावर लढलेले विठ्ठल शिवदेव विंचूरकरही आठवतील. मी गेलो तो मात्र एका लोखंडी पेटीसाठी. इथल्या एका जुन्या मंडप-लाउडस्पीकरवाल्या कुटुंबाने माळ्यावरचं व्हॉल्व्हचं अँप्लिफायर भंगारात न घालता दुरुस्तीला काढल्याचं कानावर आलं होतं. सप्ताहातलं कीर्तन, लग्नाच्या मंगलाष्टका, जत्रेतल्या कुस्तीची पुकार हे सगळं एकेकाळी अशाच पेट्यांतून कर्ण्यापर्यंत पोहोचलं. अशी पेटी पुन्हा बोलती कशी करतात, ते मला पाहायचं होतं.

या यंत्राचा इतिहास थोडक्यात असा. 1904 मध्ये इंग्लंडात फ्लेमिंगने दोन इलेक्ट्रोडची निर्वात नळी, म्हणजे व्हॉल्व्ह, केला. दोनच वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्यात तिसरा इलेक्ट्रोड, म्हणजे ग्रिड, बसवला आणि क्षीण आवाज मोठा करण्याची वाट उघडली. आपल्याकडे अहुजा रेडिओज 1940 पासून या धंद्यात आहे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1961 मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि व्हॉल्व्हची अँप माळ्यावर गेली.

दुरुस्तीला बसले होते ते सगळ्यांचे काका, रेडिओच्या काळापासून हातात सोल्डरिंग गन धरलेले. पेटीत पुढे माइकसाठी ईसीसी 83, शेवटी आवाजाला ताकद देणारे दोन 6एल6, आणि एसीचं डीसी करणारा 5यू4. घरातल्या तरुण मुलाचा पहिलाच प्रश्न होता, "काका, नवे व्हॉल्व्ह कोणत्या कंपनीचे घ्यायचे?" काकांनी सगळे व्हॉल्व्ह उपटून कापडावर ठेवले आणि म्हणाले, "व्हॉल्व्ह मिळेल रे. हा ट्रान्सफॉर्मर जळला तर कुठून आणणार?"

सगळी दुरुस्ती या एका प्रश्नावर उभी होती. वर्षानुवर्षं बंद असलेलं अँप थेट प्लगात घालायचं नाही, हा पहिला नियम. आतले फिल्टर कंडेन्सर वाळलेले असतात. ते शॉर्ट झाले तर मेन्स ट्रान्सफॉर्मरच जातो. शॉर्ट न होता नुसते कमजोर झाले असतील, तर कर्ण्यातून 100 हर्ट्झची जाड घरघर येते. काकांनी ते बदलले. तापून आणि वयाने किंमत वाढलेले कार्बनचे रेझिस्टन्स बदलले. मग वीज दिली ती सिरीज बोर्डातून, म्हणजे वाटेत एक साधा दिवा लावून. आत शॉर्ट असेल तर दिवा भगभगून पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये जीव घेण्याइतका दाब साठून राहतो, म्हणून दर वेळी रेझिस्टन्स लावून तो उतरवायचा आणि मीटरने खात्री केल्यावरच आत हात घालायचा. काका हे एकदाही विसरले नाहीत.

मी सर्वात जास्त वेळ पाहत बसलो तो बोटाच्या पेराएवढा कपलिंग कंडेन्सर. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर शे-दोनशे व्होल्ट डीसी असतो. तो तिथेच अडवायचा आणि फक्त आवाज 6एल6च्या ग्रिडवर सोडायचा, एवढंच याचं काम. जुना कागदी कंडेन्सर पावसाळ्यामागून पावसाळे दमट हवा ओढत राहतो आणि झिरपू लागतो. ग्रिडवर शून्य हवं तिथे पाच-दहा व्होल्ट आले की 6एल6 अतोनात करंट ओढतो, त्याची प्लेट लाल होते आणि पाठोपाठ आऊटपुट ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग जळतं. लोक अशा वेळी व्हॉल्व्ह खराब निघाला म्हणतात, नवा घालतात, आणि तोही जातो. काकांनी 6एल6 सॉकेटबाहेर ठेवूनच ग्रिडच्या पिनेवर मीटर लावला. काटा हलला. दोन्ही कपलिंग कंडेन्सर निघाले आणि त्या जागी 630 व्होल्टचे फिल्म कंडेन्सर बसले. मीटर पुन्हा लावला, तेव्हा काटा शून्यावरच राहिला.

आता व्हॉल्व्हची पाळी. मुलाला ईएल34 हवे होते, कारण त्यांची कीर्ती मोठी. सॉकेटात ते बसतातही. पण 6एल6चा हीटर 0.9 अँपिअर घेतो, ईएल34चा दीड. दोघांचे मिळून 1.2 अँपिअर जास्त, आणि ते द्यायचे त्याच जुन्या मेन्स ट्रान्सफॉर्मरने. शिवाय पहिल्या पिनेचं वायरिंगही बदलावं लागतं. काकांनी नाही म्हटलं. 5यू4च्या जागी जीझेड34 घालायलाही नाही म्हटलं. त्याच्या आत व्होल्टेज कमी खर्च होतं, म्हणजे पुढच्या सगळ्या सर्किटवर दाब वाढतो. ईसीसी 81 आणि 82 माइकच्या सॉकेटात चालतात, पण 83चं वर्धन 100 पट, 81चं 60 आणि 82चं 20च्या आसपास, तेव्हा माइकला 83च हवा.

6एल6 मात्र जोडीने जुळवून घ्यायचे. दोघांचा करंट सारखा नसेल तर आऊटपुट ट्रान्सफॉर्मरची कोअर एका बाजूने चुंबकली जाते आणि आवाजाचा खर्ज पातळ होतो. हे तपासायला काकांना मोठं यंत्र लागलं नाही. प्रत्येक 6एल6च्या कॅथोडला 500 ओहमचा रेझिस्टन्स होता, त्यावर 23 व्होल्ट मिळाले. म्हणजे 46 मिलिअँपिअर. प्लेटवर 360 व्होल्ट, म्हणजे साधारण साडेसोळा वॅट. मूळ 6एल6ची मर्यादा 19 वॅट. व्हॉल्व्ह आरामात होता.

अडचणी यापुढच्या आहेत. आज व्हॉल्व्ह बनतात ते मुख्यतः रशियात, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये. इथे येईपर्यंत आयातीचा खर्च चढतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या जुन्या बाजारात भारत इलेक्ट्रॉनिक्सचा जुना माल शोधणारे शोधतात, पण जुनी छपाई पुसून नामांकित शिक्का मारलेले व्हॉल्व्हही विकले जातात. काचेच्या आतला चंदेरी डाग दुधाळ झाला असेल तर हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह घेऊ नये. एवढी परीक्षा कोणालाही करता येते. छापील नावावर पैसे देण्याआधी ती करावी.

त्याहून मोठी काळजी ट्रान्सफॉर्मरची. विहिरीवरच्या मोटारी भरून देणारे कारागीर निफाड तालुक्यात आहेत. आऊटपुट ट्रान्सफॉर्मर भरणं मात्र वेगळं काम. त्यात प्रायमरी आणि सेकंडरीचे थर आलटून पालटून घालावे लागतात, नाहीतर आवाजातली वरची पट्टी हरवते. हे येणारे हात म्हातारे झाले आहेत, आणि त्यांचे हिशेब बहुतेक त्यांच्या डोक्यातच आहेत. व्हॉल्व्हचे कारखाने उद्याही चालतील, पण विंचूरच्या पेटीतल्या ट्रान्सफॉर्मरचे फेरे कोणत्याही कारखान्याला माहीत नाहीत.

तेव्हा वाचकांना सांगणं इतकंच. घरात, मंदिरात, शाळेच्या अडगळीत असं अँप असेल तर तांब्याच्या वजनावर विकू नका आणि उत्सुकतेने प्लगातही घालू नका. कर्णा जोडल्याशिवाय तर मुळीच चालू करू नका. जाणत्या माणसाकडे न्या. आणि तुमच्या गावात ट्रान्सफॉर्मर भरणारा कोणी असेल, तर त्याच्याजवळ बसून तारेची जाडी, फेरे आणि थर वहीत उतरवून घ्या. हे काम याच वर्षी करायला हवं.