अंबड परिसरातील बेसाल्ट आणि जीवाश्म मोत्यांचा शोध

नाशिकजवळील अंबड ज्या बेसाल्टवर वसले आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक होय. तप्त लाव्ह्यात शिंपले टिकत नाहीत. त्यामुळे विहीर खोदताना मिळालेला पांढरा गोल खडा जीवाश्म मोती असण्याचा संभव जवळजवळ नाही. बहुधा ते खडकाच्या पोकळीत मागाहून साचलेले झिओलाइट वा कॅल्साइट असते. शोध घ्यावयाचा तर तो दोन लाव्हाथरांमधील तळ्यांच्या गाळात, म्हणजे अंतरा-ट्रॅपी थरांत घ्यावा. नागपूरच्या टाकळी येथील अशाच थरांतील गोड्या पाण्यातले शंखशिंपले रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात गोळा केले होते.

मोत्यातील ॲरागोनाइटचे कालांतराने कॅल्साइट होते व झळाळी लोपते. सबब झळाळीवर विसंबणे व्यर्थ. सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाच्या थेंबाने खडा फसफसला नाही, तर तो मोती असण्याचा संभव कमी होतो. फसफसला तरी निर्णय होत नाही, कारण साधे कॅल्साइटही फसफसते. मग छेदातील संकेंद्री थर पाहावेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सोबतचा शिंपला. म्हणून खडा शिंपल्यापासून सोडवू नये. स्थळ व थर यांची चिठ्ठी तेथेच लिहावी. चिठ्ठी हरवलेला नमुना विभागाच्या कपाटात केवळ शोभेचा दगड ठरतो.