हळद, कॅन्सर आणि पेशीतला ‘स्विच’

हळदीतले कर्क्युमिन ‘एनएफ-कप्पा-बी’ हे प्रथिन बंद पाडते आणि मग कॅन्सरच्या पेशी आपोआप मरतात, असे विधान आता हळदीच्या दुधाच्या पाककृतीखालीही वाचायला मिळते. त्याचा पूर्वार्ध काचपात्रातल्या पेशींपुरता खरा आहे. माणसाच्या बाबतीत उत्तरार्धाला पुरावा नाही.

एनएफ-कप्पा-बी हा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर आहे, म्हणजे डीएनएवरच्या ठरावीक क्रमाला चिकटून जनुकाचे वाचन वाढवणारे किंवा रोखणारे प्रथिन. माणसात अशी सुमारे १,६०० प्रथिने आहेत. हे प्रथिन रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये शोधले. एरवी ते पेशीद्रवात आय-कप्पा-बी या प्रथिनाच्या पकडीत असते. संसर्गाचा किंवा दाहाचा संकेत आला की आय-कप्पा-बीला फॉस्फेट जोडला जातो, ते नष्ट होते आणि सुटलेले एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरते. तिथे ते दाहाची जनुके चालू करते, पेशीला मरणापासून वाचवणारे बीसीएल-एक्सएल चालू करते, आणि आय-कप्पा-बीचे जनुकही चालू करते. स्वतःला आवरण्याची सोय ते स्वतःच करते. ज्याला ‘स्विच’ म्हटले जाते ते असे आहे.

अनेक कॅन्सरमध्ये ही यंत्रणा चालूच राहते. पण ती सरसकट बंद करणे भलतेच महागात पडते. १९९५ मध्ये तिचा ‘रेल-ए’ हा घटक काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. यकृताच्या पेशी मोठ्या प्रमाणावर मेल्याने ते गर्भातच दगावले.

कर्क्युमिनने एनएफ-कप्पा-बी दबते, हा निबंधही १९९५चाच, संजय सिंग आणि भरत अगरवाल यांचा. पुढे अगरवाल यांचे अनेक निबंध नियतकालिकांनी मागे घेतले, ही गोष्ट हळदीचे गुणगान करणारे सांगत नाहीत. त्याहून मोठी अडचण कर्क्युमिनचीच आहे. ते अस्थिर आहे, नाना प्रथिनांना चिकटते आणि स्वतः चमकत असल्याने चाचणीच्या यंत्रालाही फसवते. ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मधल्या २०१७च्या आढाव्याने १२०हून अधिक वैद्यकीय चाचण्यांचा उल्लेख केला, त्यात दुहेरी अंध, प्लासिबो-नियंत्रित अशी एकही यशस्वी चाचणी आढळली नाही.

मग मात्रेचा प्रश्न. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते; ३ ग्रॅमच्या चमचाभर हळदीत जेमतेम ९० मिलिग्रॅम. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या १९९८च्या अभ्यासात माणसांना थेट २ ग्रॅम कर्क्युमिन दिले, म्हणजे सुमारे ६५ ग्रॅम हळदीतले. तरी रक्तात ते सापडले नाही किंवा अत्यल्प सापडले. सोबत २० मिलिग्रॅम पिपरीन, म्हणजे मिरीतले द्रव्य, दिल्यावर प्रमाण सुमारे वीसपट झाले. ‘मिरी घाला, काम होईल’ हा सल्ला इथूनच निघाला. पण जवळजवळ शून्याची वीसपट किती, हे विचारायला कोणी थांबत नाही. शिवाय पिपरीन यकृताची निचरा करण्याची क्रिया मंदावते, त्यामुळे इतर औषधांची रक्तातली पातळीही बदलू शकते. केमोथेरपी चालू असलेल्याने असा प्रयोग परस्पर करू नये.

पेशीतले असे इतर ‘स्विच’ आणि हळद यांबद्दलच्या आणखी काही समजुती थोडक्यात. ‘पी५३ हे कॅन्सरचे जनुक’: १९७९ मध्ये ते सापडल्यावर दहा वर्षे शास्त्रज्ञांनाही तसेच वाटत होते, प्रत्यक्षात डीएनए बिघडला की ते पी२१ चालू करून विभाजन थांबवते, आणि दुरुस्ती आवाक्याबाहेर असेल तर ‘प्यूमा’, ‘बॅक्स’ यांच्यामार्फत पेशीला मरायला लावते. जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये हेच जनुक बिघडलेले असते. ‘मिक (आणखी एक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर) फक्त वाढ करतो’: पोषक संकेत तुटले असताना मिक जोरात चालला तर पेशी मरते, हे १९९२ मध्येच दिसले. ‘हळदीचे पेटंट भारताने जिंकले, म्हणजे गुण सिद्ध झाला’: डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जे अमेरिकी पेटंट रद्द करवले ते जखम भरण्याच्या उपयोगाचे होते. हा उपयोग आधीपासून माहीत होता, एवढेच ठरले. कॅन्सरचा तिथे विषयच नव्हता.

‘फायदा नसला तरी अपाय नाही’ हेही गोळ्यांबाबत खरे नाही. औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतील गटाने २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांशी जोडलेले १० रुग्ण नोंदवले, त्यातला एक दगावला. काही पूरकांत पिपरीनही होते. फोडणीतल्या चिमूटभर हळदीचा या नोंदींशी संबंध नाही.