डायलिसिसच्या पाण्यामागचे प्लास्टिकचे मणी

डायलिसिसच्या एका वेळच्या चार तासांत रुग्णाच्या रक्ताशेजारून सुमारे १२० लिटर पाणी वाहते. रक्त आणि पाणी यांच्यामध्ये असतो फक्त एक पातळ पडदा. साबणाला फेस येऊ न देणारे जड पाणी तेथे पोहोचले, तर त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम पडदा ओलांडून थेट रक्तात उतरतात. मग मळमळ, उलट्या, डोकेदुखी, अशक्तपणा सुरू होतो आणि रक्तदाब चढतो. १९६७ साली वैद्यकीय नियतकालिकात या त्रासाचे वर्णन ‘हार्ड वॉटर सिंड्रोम’ या नावाने झाले.

म्हणून पाणी आरओ यंत्रात जाण्याआधी सॉफ्टनरच्या टाकीतून जाते. या टाकीत असतात खसखशीएवढे पिवळसर मणी, पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचे. ते गोल कसे होतात, ही गोष्ट मोठी मजेशीर आहे.

स्टायरिन हा तेलासारखा द्रव. तो पाण्यात मिसळत नाही. जोरात ढवळले की त्याचे बारीक थेंब होतात. पाणी तापवले की प्रत्येक थेंबाच्या आत स्टायरिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या तयार होतात आणि थेंबाचा घट्ट मणी बनतो. अडचण येते ती मधल्या टप्प्यात. तेव्हा थेंब द्रवही नसतो आणि घनही नसतो. तो चिकट पाकासारखा असतो. दोन थेंब भेटले की चिकटतात आणि बघता बघता सगळ्या भांड्याची एकच गुठळी होते. आतली उष्णताही मग बाहेर पडू शकत नाही.

यावर उपाय म्हणजे स्थिरकारक, अर्थात स्टॅबिलायझर. पोळ्या लाटताना त्या चिकटू नयेत म्हणून आपण पिठी लावतो, तसाच हा प्रकार. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल किंवा जिलेटिन पाण्यात विरघळवले, की थेंबाभोवती त्याचे पातळ आवरण बसते. काही ठिकाणी ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची बारीक भुकटी वापरतात. तिचे कण थेंबावर कवचासारखे बसतात. ही नावे डॉक्टरांना परकी नाहीत. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल डोळे कोरडे पडल्यावर द्यायच्या काही थेंबांत असते आणि कॅल्शियम फॉस्फेटच्याच कुळातले खनिज आपल्या हाडांना बळकटी देते. स्थिरकारक कमी पडला तर गुठळ्या होतात. त्याचे प्रमाण आणि ढवळण्याचा वेग बदलला की मण्यांचा आकार बदलतो.

सॉफ्टनरच्या मण्यांसाठी स्टायरिनमध्ये साखळ्यांना आडवे टाके घालणारे डायव्हिनाइलबेंझिन मिसळतात. पुढे सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की मणी सोडियम धरून ठेवू लागतो. जड पाणी आले की तो कॅल्शियम पकडतो आणि सोडियम सोडतो. मणी गोल असल्याने त्यांच्यामधून पाणी सहज वाहते. काही काळाने ते कॅल्शियमने भरतात. तेव्हा मिठाच्या पाण्याने धुऊन त्यांना पुन्हा कामाला लावावे लागते. त्या टाकीतले मीठ संपले की सॉफ्टनर नुसता नावाला उरतो आणि आरओचा पडदाही क्षारांनी खराब होऊ लागतो. त्यामुळे पाण्याचा जडपणा रोज तपासून त्याची नोंद ठेवणे गरजेचे असते. टँकर किंवा बोअरवर अवलंबून असलेल्या केंद्रांत तर ते अधिकच, कारण तिथले पाणी बदलत राहते. रुग्णाने किंवा नातेवाइकांनी ही नोंद दाखवायला सांगितली, तर त्यात गैर काही नाही.

याच कुळातल्या रेझिनची पूड मूत्रपिंडाच्या रुग्णांना पोटॅशियम वाढल्यावर पोटातून देतात. ती रक्तात शोषली जात नाही; आतड्यातले पोटॅशियम पकडून शौचावाटे बाहेर पडते. मात्र पकडताना ती भेदभाव करत नाही, तोंडावाटे घेतलेली इतर औषधेही अडकवू शकते. त्यामुळे पूड आणि बाकीची औषधे यांत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे. बद्धकोष्ठता झाली किंवा पोट फुगले, तर पुढची पुडी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक. या पुडीचा परिणाम व्हायला कित्येक तास, कधी एखाद-दोन दिवस लागतात. पुडी आहे म्हणून नारळपाणी किंवा केळी यांची मोकळीक मिळत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाला अचानक खूप अशक्तपणा आला किंवा छातीत धडधड सुरू झाली, तर पुडीच्या भरवशावर घरी थांबू नये. तडक रुग्णालय गाठावे.