रिकाम्या जागेचं गणित

सुटीच्या दिवशी पहाटे होसकोट्याला दम बिर्याणी खायला बेंगळुरूहून माणसं लोटतात. उजाडायच्या आत लागणाऱ्या त्या रांगांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. रांगेतल्या मंडळींच्या गाड्या कुठे उभ्या असतात, ते मात्र कोणी विचारत नाही. उत्तर सोपं आहे: रस्त्याच्या कडेला, फुकट.

समजा, कडेच्या दर १०० जागांपैकी ८५ भरल्यात आणि रिकाम्या जागा विखुरलेल्या आहेत. अशा वेळी सरासरी सातवी जागा मोकळी सापडते. ९५ भरल्या की विसावी. ९९ भरल्या की शंभरावी, म्हणजे गाडीला सहा मीटर धरले तर सहाशे मीटर फिरा! गाड्या थोड्याच वाढतात, शोध मात्र भलताच लांबतो. हा शोध पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच दाबत चालतो आणि त्या वेगात इंजिन किलोमीटरमागे जास्त पेट्रोल पितं. शिवाय मागे बस तुंबते, ते वेगळंच.

लॉस एंजेलिसच्या वेस्टवूड व्हिलेजमध्ये अर्थतज्ज्ञ डोनाल्ड शूप यांनी हे मोजलं. शोधाला सरासरी ३.३ मिनिटं लागत. ऐकायला किरकोळ, पण १५ ब्लॉकच्या त्या भागात वर्षाला सुमारे १५ लाख किलोमीटर नुसत्या घिरट्या आणि पावणेदोन लाख लिटरहून जास्त पेट्रोल! शूप यांचा उपाय असा: दर एवढाच ठेवा की साधारण १५ टक्के जागा मोकळ्या राहतील.

बेंगळुरूच्या २०२१च्या पार्किंग धोरणात घरासमोर रस्त्यावर गाडी लावायला वर्षाला १,००० ते ५,००० रुपयांचा परवाना सुचवला होता. मोठ्या गाडीलाही चौरस फुटाला महिन्याला जेमतेम तीन रुपये पडतात. या भावात बेंगळुरूच्या व्हाईटफील्ड भागात कोणी अडगळीची खोलीसुद्धा देणार नाही. तरी ओरड झालीच. पुण्यातही २०१८ साली पार्किंग धोरणावरून तेच झालं.

होसकोटे या धोरणात येत नाही. जिल्हा वेगळा, नगरपालिका स्वतंत्र. पण चेन्नई एक्सप्रेसवे इथूनच सुरू होतो, म्हणजे गाड्या वाढणारच. मेट्रो २०२३ मध्ये व्हाईटफील्डपर्यंत आली. तिथे गाडीतळ हवा, हे मान्य. पण एका मोटारीच्या जागेत चार-पाच दुचाकी मावतात आणि होसकोट्याहून स्टेशनपर्यंत दर दहा मिनिटांनी बस सुटली, तर त्या जागांचीही गरज कमी होईल. माझ्या मते होसकोट्याच्या नगरपालिकेने पार्किंगला दर लावावा आणि ते पैसे आधी त्या बसवर खर्चावेत, बहुमजली गाडीतळावर नव्हे.